मीटरला साखर कळत नाही

नदीत सोडलेला सेन्सर दर पंधरा मिनिटांनी आकडा पाठवतो. त्यावरून पाण्यात क्षार किती विरघळलेत, हे काढायचं असतं. बारामती-इंदापूर पट्ट्यात नीरेकाठी हे काम करताना जे उमगलं, ते असं.

१. सेन्सर क्षार मोजत नाही, पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतो. पडद्यावरचा ‘टीडीएस’ (एकूण विरघळलेले क्षार) म्हणजे त्या वाहकतेला बहुधा ०.५ किंवा ०.६४ ने गुणून आलेला अंदाज. हा गुणक यंत्र बनवणाऱ्याने ठरवलेला. त्याने नीरा पाहिलेली नसते. नदीच्या पाण्यात हा गुणक साधारण ०.५५ ते ०.७५ असू शकतो. म्हणजे ८०० मायक्रोसिमेन्सचं पाणी ४४० मिलिग्रॅमचंही निघेल आणि ६०० चंही. पिण्याच्या पाण्याची भारतीय मानकातली पहिली मर्यादा आहे ५००!

२. पाणी एका अंशाने तापलं की वाहकता सुमारे दोन टक्क्यांनी वाढते. २५ अंशांवर आणलेला आकडाच वापरावा. नाहीतर पौषातली सकाळ आणि वैशाखातली दुपार यांतला फरक आपण क्षारांच्या खात्यावर मांडून बसतो.

३. विद्युतभार नसलेलं काहीच मीटरला दिसत नाही. आपल्या काळ्या पाषाणातून पाण्यात सिलिका उतरते, ती दिसत नाही. साखर तर नाहीच नाही. इतक्या साखर कारखान्यांच्या मुलखात हे पक्कं ध्यानात ठेवावं: ओढ्यात साखर मिसळली, प्राणवायू संपून मासे मेले, तरी वाहकतेची रेघ फारशी हलणार नाही. उलट मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. ते नदीत आलं की रेघ ताडकन वर जाते.

४. या भागात नदीइतकाच कालवाही समजून घ्यावा लागतो. नीरा डावा कालवा १८८५ चा. पुढे पंचवीस वर्षांतच, १९१० साली, हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर आख्खी पुस्तिका लिहिली. भाटघर-वीरचं पाणी धरणातून निघतं तेव्हा गोडं असतं. उसाला पाजलेलं पाणी ऊस पितो, क्षार मात्र मागे ठेवतो. ते पाझरातून, चरांतून, ओढ्यांतून पुन्हा नदीत येतात. वरच्या अंगाला पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेटचा जोर, खाली येताना सोडियम आणि क्लोराईड चढत जातात. त्यामुळे वाहकतेवरून क्षार काढायचं वीरजवळ बसवलेलं समीकरण खाली सराटीला लावता येत नाही. दोन्हीकडे वाहकता एकच आली, तरी पाणी एक नसतं.

बांधावरचा शेतकरी आकड्यात अडकत नाही. “सायेब, ते मायक्रो राहू द्या, रान चोपण हुईल का तेवढं सांगा,” हा त्याचा प्रश्न, आणि तो माझ्या मते आमच्या बऱ्याच अहवालांपेक्षा नेमका आहे. जमीन चोपण होते ती सोडियममुळे. कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती, हे नुसती वाहकता सांगत नाही. प्रत्येक घटकाचं वेगळं समीकरण, तेही त्याच ठिकाणच्या नमुन्यांवरून, बसवावं लागतं.

५. बाटल्या भरायच्या त्या सोयीच्या दिवशी नव्हे, पाणी बदलतं तेव्हा. कालव्याचं आवर्तन सुटल्यावर, आवर्तन बंद झाल्यावर, आणि मुख्य म्हणजे पहिल्या पावसात. रानावर फुटलेलं पांढरं मीठ धुऊन येतं, म्हणून पहिल्या लोंढ्यात वाहकता आधी चढते आणि पूर वाढला की घसरते. सराटीला तुकोबांच्या पादुकांचं नीरास्नान होतं, साधारण तेच दिवस. फक्त उन्हाळ्यातल्या संथ पाण्याच्या नमुन्यांवर बेतलेलं समीकरण पुरात काय सांगेल याचा भरवसा नाही.

प्रयोगशाळेलाही एक विचारून घ्यावं: क्षार पाणी आटवून मोजले की घटकांची बेरीज करून? आटवताना बायकार्बोनेटचं निम्मं वजन वाफ आणि वायू होऊन उडतं.

६. शेवाळ आणि जलपर्णीच्या मुळ्या सेन्सरवर चढतातच. पुसण्याआधीचं आणि नंतरचं, दोन्ही वाचन वहीत हवं. मग १४१३ मायक्रोसिमेन्सच्या प्रमाण द्रावणात तपासणी. ढापे टाकलेल्या बंधाऱ्यामागे सेन्सर बसवू नये. तिथलं पाणी थांबलेलं असतं.

७. पाणी किती गोडं आणि नदी किती क्षार वाहून नेते, हे दोन प्रश्न वेगळे. लिटरला ५०० मिलिग्रॅम क्षार आणि सेकंदाला १० घनमीटर विसर्ग धरला, तर दिवसाला ४३२ टन होतात. पुरात तेच पाणी १५० मिलिग्रॅमवर उतरलं आणि विसर्ग १००० घनमीटर झाला, तर दिवसाला जवळजवळ १३,००० टन. म्हणून नरसिंहपूरच्या संगमावर नीरा भीमेच्या पदरात वर्षाकाठी काय टाकते, हे काढायचं तर वाहकतेशेजारी त्याच वेळेचा विसर्ग लिहिलेला हवा, आणि दोन्ही घड्याळं जुळलेली हवीत.