बाळाला घेऊन आरव्हीचा प्रवास

आरव्ही म्हणजे चाकांवरचे घर. अमेरिकेत ते मुख्यतः दोन प्रकारचे असते: इंजिन आणि घर एकाच सांगाड्यावर असलेले मोटरहोम, आणि पिकअप ट्रकमागे जोडून ओढायचा ट्रेलर. भाड्याने घेताना कुटुंबे स्वयंपाकघर, पलंग आणि न्हाणीघर पाहून पसंती ठरवतात. बरोबर वर्षाच्या आतले बाळ असेल तर आधी पाहायची ती गाडी चालू असताना बाळ बसेल ती जागा.

ट्रेलरच्या बाबतीत हा प्रश्न सोपा आहे. चालत्या ट्रेलरमध्ये बसायला अनेक राज्यांत बंदी आहे, त्यामुळे बाळ पुढच्या गाडीत, आपल्या नेहमीच्या कार सीटमध्येच बसते. मोटरहोममध्ये गुंता असतो. कार सीट फक्त पुढे तोंड असलेल्या आसनावर बांधता येते. जेवणाच्या टेबलाभोवतीची आडवी किंवा मागे तोंड केलेली बाके तिच्यासाठी निरुपयोगी. लॅच नावाचे कार सीटचे आकडे 2002 च्या सप्टेंबरपासून नव्या मोटारींना सक्तीचे झाले, पण मोठी मोटरहोम वजनामुळे त्या नियमाबाहेर राहतात. म्हणून सीट पट्ट्यानेच बांधावी लागते. त्यातही बाक अनेकदा प्लायवूडचे असते आणि जोराच्या धडकेत ते टिकेलच असे नाही. पट्टा खालच्या पोलादी चौकटीत अडकवला आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे आणि स्वतःची कार सीट नेऊन तिथेच बसवून पाहावी. ती घट्ट बसत नसेल तर दुसरी गाडी शोधावी, भीड बाळगू नये. चालवणारे दोघे असतील तर बाळाला मागून येणाऱ्या साध्या मोटारीत नेणे सर्वांत सुरक्षित. खर्च वाढतो; तो करावा.

खरा मोह पुढे रस्त्यावर होतो. बाळ रडू लागते, पलंग दोन पावलांवर असतो, आणि आईला वाटते की पट्टा सोडून त्याला जरा मांडीवर घ्यावे. असे कधीही करू नये. दूध पाजायचे असो की डायपर बदलायचा, गाडी बाजूला घेऊन थांबवलीच पाहिजे. भारतातून आलेले आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांनाही हे निघण्यापूर्वी नीट समजावून सांगावे, कारण रडणाऱ्या नातवंडाला सीटमध्ये तसेच ठेवणे त्यांना सर्वांत जड जाते. कुकर, पातेली, डबे हे सगळे कपाटात कडी लावून ठेवावे. करकचून ब्रेक लागला की उघड्यावरचा कुकर थेट पुढे येतो.

आरव्हीवाल्यांत तीन-तीन-तीनचा नियम रूढ आहे: दिवसाला जास्तीत जास्त 300 मैल, दुपारी 3 पर्यंत मुक्काम, एका जागी 3 रात्री. बाळ असताना पहिला आकडा निम्म्यावर आणावा, तिसरा वाढवावा. साधारण दर दोन तासांनी बाळाला सीटबाहेर काढून मोकळे करावे लागते, आणि मोटरहोम मुळातच मोटारीपेक्षा हळू जाते.

मुक्काम निवडताना वीज-पाण्याची जोडणी, म्हणजे हुकअप, आहे का ते पाहावे. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर मॅथर कॅम्पग्राउंडमध्ये ती नाही, जवळच्या ट्रेलर व्हिलेजमध्ये आहे. जोडणी नसेल तर एसी जनरेटरवर चालतो, आणि रात्री जनरेटर लावायला बहुतेक ठिकाणी मनाई असते. ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात बाळ ठेवण्याजोगी ही स्थिती नव्हे. जोडणी 30 ॲम्पियरची असेल तर एकूण 3600 वॅट मिळतात. एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम लावले की वीज तुटू शकते.

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून त्याचा सूचक गाडीत हवाच. जनरेटरचा धूर किंवा शेगडीची अपुरी ज्योत बंद जागेत हा वायू साठवू शकते. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने त्याचा गळती-सूचक जमिनीलगत असतो. दोन्ही सूचकांची बटणे दाबून आवाज ऐकावा आणि त्यांवरची मुदतीची तारीख वाचावी. ऊब यावी म्हणून शेगडी कधीही पेटवू नये.

झोपेसाठी घडीचा पाळणा न्यावा. आधी जमिनीवरच्या मोकळ्या जागेचे माप घ्यावे. सपाट, कडक गादी आणि पाठीवर झोपवणे हा घरचाच नियम इथेही. चालकाच्या डोक्यावरचा माळ्यासारखा पलंग बाळासाठी नाहीच. यलोस्टोनचा बराच भाग 2000 मीटरहून उंच आहे, तिथे ऐन उन्हाळ्यातही रात्री गारठा पडतो. सुटे पांघरूण टाळून अंगात थरांचे कपडे घालावेत.

टाकीतले पाणी धुण्यासाठी वापरावे. पावडरचे दूध आणि नाचणी सत्त्व उकळलेल्या किंवा बाटलीच्या पाण्यात करावे. अनेक गाड्यांत गरम पाण्याची टाकी फक्त 6 गॅलनची असते, तेव्हा बाळाची आंघोळ आधी, भांडी नंतर. डायपर आणि ओले वाइप्स संडासात टाकले की मैल्याची टाकी तुंबते. गॅसवरही चालणारा फ्रिज गार व्हायला रात्र घेतो, म्हणून तो आदल्या दिवशी सुरू करावा.

या सगळ्याच्या बदल्यात मिळते ते मोठे आहे. रोज तोच पाळणा, तीच शेगडी, तोच मऊ भात. हॉटेल बदलताना बिघडणारी झोप इथे सावरते. चार ते सात महिन्यांचे, मान धरलेले पण रांगू न लागलेले बाळ या प्रवासात सर्वांत रमते. रांगू लागले की पायऱ्या, शेगडी आणि दार या तिन्हींवर सतत डोळा ठेवावा लागतो. दूरच्या राष्ट्रीय उद्यानाचे बुकिंग करण्यापूर्वी घरापासून तासाभराच्या, हुकअप असलेल्या कॅम्पग्राउंडवर दोन रात्री राहून पाहावे, आणि ते जमले तरच पुढचे पैसे भरावेत.