श्रुतलेखन यंत्राचे, तपासणी गुरुजींची

बोललेले टंकित करणारे साधन निवडताना जाहिरातीवर विसंबू नये. शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तातील एक परिच्छेद त्यास वाचून दाखवावा व चुका मोजाव्यात. त्यात कवठेमहांकाळ, शिराळा, कोरेगाव ही नावे आणि पटसंख्येचे आकडे अवश्य असावेत. पारख तेथेच होते. गूगलने २०१७ साली मराठी ध्वनिटंकलेखन उपलब्ध केले. ‘गूगल डॉक्स’मध्ये ते विनामूल्य चालते, मात्र इंटरनेट लागते आणि विरामचिन्हे हातानेच घालावी लागतात. ‘दिन’ व ‘दीन’ यांचा उच्चार आपल्या तोंडी एकच. तेथे यंत्र अडखळले तर त्यास दोष कसा द्यावा? आपली मुलेही श्रुतलेखनात तेथेच अडखळतात! मात्र आपला आवाज दूरच्या संगणकाकडे जातो, हे विसरू नये. विद्यार्थ्याचे आजारपण वा घरची अडचण यांची टिपणे स्वहस्तेच लिहावीत.