परसबागेतील दालचिनी : कोवळ्या पालवीची राखण

दालचिनी हा लॉरेसी कुलातील सदाहरित वृक्ष. मोकळा वाढल्यास तो 10 ते 15 मीटर उंच होतो. बागेत मात्र छाटणीने त्याचे झुडूपच राखले जाते, कारण उत्तम साल बोटाएवढ्या जाडीच्या सरळ फांद्यांवर मिळते. पश्चिम घाटाच्या उष्ण-दमट पट्ट्यात, नारळाच्या विरळ सावलीतही, ते चांगले वाढते. पाणी साचणारी जागा टाळावी.

बियांची उगवणशक्ती फार लवकर नष्ट होते. त्यामुळे पिकलेल्या फळांचा गर धुऊन बी तत्काळ पेरावे. सुमारे वर्षभराचे रोप पावसाळ्याच्या आरंभी 3 मीटर अंतरावर लावावे. दोन वर्षांनी खोड जमिनीपासून 15 सेंटिमीटरवर कापून बुंध्याला मातीची भर दिली, की बाजूने कोंब फुटतात. यांतूनच पुढे झुडूप आकारास येते.

खरी कसोटी येथून सुरू होते. कोंबांवरील तांबूस, लुसलुशीत पालवी ‘कॉमन माइम’ (पॅपिलिओ क्लायटिया) या फुलपाखराच्या मादीस अंडी घालण्यासाठी हवी असते. ती अंडी सुटी घालते. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसत असल्याने नजरेतून निसटते. मोठ्या अळीच्या काळसर अंगावर फिकट पिवळे पट्टे व तांबडे ठिपके असतात. डिवचल्यास डोक्यामागून दुभंगलेली, उग्र वासाची ग्रंथी बाहेर येते. प्रादुर्भाव तीव्र असल्यास पानांच्या केवळ शिरा उरतात.

पूर्ण वाढलेले झुडूप हे नुकसान सहज सोसते. तेथे अळ्यांना हात लावण्याचे कारण नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांतील रोपाला मात्र प्रत्येक पालवी मोलाची असते. पालवीच्या काळात आठवड्यातून दोनदा पाने उलटून पाहावीत आणि अंडी-अळ्या हाताने वेचाव्यात. परसातल्या चार झुडपांसाठी फवारणी पंप काढणे अनाठायी आहे; ही पाने व साल थेट स्वयंपाकघरात जातात.

शोधताना कोषही विसरू नये. तो हुबेहूब मोडलेल्या वाळक्या काडीसारखा असतो आणि अनुभवी माळ्यालाही चकवतो.

रोपवाटिकेत पावसाळ्यात पानांवर नागमोडी रेषा व फोड दिसल्यास ती पाने पोखरणारी अळी होय. अशी पाने खुडून नष्ट करावीत.