वर्षभर चालू ठेवलेला एक सर्व्हर

बारावीचा निकाल लागला की, आणि पुन्हा डिग्रीच्या तिसऱ्या वर्षाच्या सुमारास, पालकांचा एक प्रश्न हमखास येतो: "सर, क्लाउडला स्कोप आहे ना? मग कुठला कोर्स लावू?" त्यामागची काळजी खरी असते. शेजारच्या मुलाचं पॅकेज कानावर आलेलं असतं, क्लासच्या जाहिरातीत शंभर टक्के प्लेसमेंटची हमी असते आणि फीचा हप्ता ठरवायचा असतो. माझं उत्तर मात्र पुष्कळांना पसंत पडत नाही. मी म्हणतो, कोर्स सध्या राहू द्या. मुलाला किंवा मुलीला महिन्याला हजारेक रुपये द्या, एक छोटा सर्व्हर भाड्यानं घेऊ द्या, त्यावर एखादं मुक्त सॉफ्टवेअर बसवू द्या आणि ते वर्षभर खऱ्या माणसांसाठी चालू ठेवायला सांगा.

आधी हे सगळं काय आहे ते पालकांसाठी. क्लाउड सर्व्हर म्हणजे कुणाच्या तरी डेटा सेंटरमध्ये असलेला भाड्याचा संगणक. त्याला पडदा नाही, माऊस नाही; घरच्या लॅपटॉपवरून एसएसएचनं आत शिरायचं आणि काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायच्या. हे संगणक फार लांबही नसतात. मायक्रोसॉफ्टचं क्लाउड 2015 पासून पुण्यात आहे, अ‍ॅमेझॉनचं 2016 पासून मुंबईत. आणि मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला आहे आणि जे कुणीही आपल्या सर्व्हरवर बसवून वापरू शकतं: फायली ठेवायला नेक्स्टक्लाउड, ऑनलाइन वर्गांना मूडल, ग्रंथालयांना कोहा, हिशेब आणि साठ्यासाठी मुंबईच्या फ्रापे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट.

आयती सेवा सोडून संस्था या भानगडीत का पडतात? कारण आयत्या सेवेच्या अटी देणारा ठरवतो. शाळा-कॉलेजांना दिलेली अमर्याद साठवणूक बंद करून संपूर्ण संस्थेला मिळून 100 टेराबाइटची मर्यादा घालण्याचं गुगलनं 2021 मध्ये जाहीर केलं, तेव्हा मोठ्या विद्यापीठांची धावपळ उडाली. जर्मनीच्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्यानं 2024 मध्ये सरकारी कचेऱ्यांतले सुमारे 30,000 संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर नेण्याचं ठरवलं, त्यात नेक्स्टक्लाउडही होतं. असा निर्णय झाला की तो राबवायला माणसं लागतात.

आता खरी गोष्ट. बसवणं सोपं आहे. 2013 मध्ये सॉफ्टवेअर आयत्या डब्यात बंद करून चालवणारं डॉकर आलं तेव्हापासून तर फारच. काय काय चालवायचं ते सांगणारी एक कंपोज फाइल, एक आज्ञा, चहा होईपर्यंत अ‍ॅप ब्राउझरमध्ये उघडतं. तेवढ्याचा स्क्रीनशॉट काढून लिंक्डइनवर टाकणारे ढिगानं आहेत. पण म्हैस दारात बांधली की दुधाचा प्रश्न मिटतो आणि शेणगोठा सुरू होतो. कंपन्या पगार देतात तो शेणगोठ्याचा.

तो कसा असतो हे कळायला मी कोहा सुचवतो. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या ग्रंथालयांची जुनी प्रणाली 2000 साल ओलांडू शकणार नव्हती, म्हणून 1999 मध्ये कोहा लिहिलं गेलं आणि जानेवारी 2000 मध्ये सुरू झालं. आपल्याकडे अनेक महाविद्यालयं ते वापरतात. शिवाय महाराष्ट्रात 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली हजारो वाचनालयं आहेत, आणि त्यातल्या कितीतरी ठिकाणी दाखल नोंद आणि देवघेव अजून वहीतच चालते. म्हणजे गिऱ्हाईक शोधायला लांब जायला नको. आपल्या गावातल्या ग्रंथपालबाईंना विचारायचं.

डेबियनवर कोहाचं पॅकेज एका संध्याकाळी बसतं. मग पहिली तक्रार येते ती शोधाची. कोहा पुस्तकं शोधण्यासाठी झेब्रा नावाचं वेगळं इंजिन वापरतं आणि त्याची मूळ मांडणी रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून केलेली असते. देवनागरी शीर्षकं नीट सापडायची तर सूची आयसीयू नावाच्या युनिकोड पद्धतीनं बांधायला सांगावं लागतं आणि मग ती सगळी पुन्हा तयार करावी लागते. एवढं करूनही ह्रस्व-दीर्घाचा घोळ उरतोच. एका पुस्तकावर 'ययाति' आणि दुसऱ्यावर 'ययाती' अशी नोंद असेल, तर कुठलंही इंजिन ते आपणहून जुळवणार नाही. त्यासाठी ग्रंथपालबाईंशेजारी बसून नोंदी कशा करायच्या हे ठरवावं लागतं. ही अर्ध्या तासाची बैठक कुठल्याही अभ्यासक्रमात नाही, आणि पुढे नोकरीत हेच निम्मं काम असतं.

दुसरी तक्रार बहुधा गर्दीच्या वेळी येते. "साइट बंद पडलीये." पैसे वाचवायला एक जीबी मेमरीचं यंत्र घेतलेलं असतं, मेमरी संपली की लिनक्सचा कर्नल सर्वांत जास्त मेमरी खाणारी प्रक्रिया मारून टाकतो, आणि ती नेमकी डेटाबेसची असते. सर्व्हर चालू, अ‍ॅप बंद. अशा वेळी रीस्टार्ट करून मोकळा होणारा एक प्रकारचा विद्यार्थी आणि लॉग उघडून 'आउट ऑफ मेमरी' ही ओळ शोधणारा दुसऱ्या प्रकारचा. मुलाखत घेणाऱ्याला हा फरक पाच मिनिटांत कळतो.

तिसरी तक्रार तीन महिन्यांनी येते आणि तोवर सगळे गाफील झालेले असतात. ब्राउझर सांगतो, ही साइट सुरक्षित नाही. लेट्स एन्क्रिप्टचं मोफत प्रमाणपत्र 90 दिवसांचं असतं. ते आपोआप नवं व्हायला हवं होतं, पण मधल्या काळात कुणीतरी फायरवॉलमध्ये 80 नंबरचं पोर्ट, म्हणजे सर्व्हरचं एक दार, बंद केलं आणि नूतनीकरण गुपचूप फसत राहिलं. त्याशिवाय कोहाची नवी आवृत्ती दरवर्षी मे आणि नोव्हेंबरमध्ये येते. ती कधी चढवायची, आधी कुठे चाचणी घ्यायची, वाचनालय किती वेळ बंद राहील हे सभासदांना कोण सांगणार, हे सगळं ठरवावं लागतं. वर्षभर चालवा असं मी म्हणतो ते यासाठी. महिनाभरात यातलं जवळजवळ काहीच घडत नाही.

सुरक्षेबद्दल एकच उदाहरण देतो, कारण यात चांगले चांगले फसतात. मुलगी सर्व्हर घेते, यूएफडब्ल्यू फायरवॉल चालू करते, 22, 80 आणि 443 एवढीच पोर्टं उघडी ठेवते. अगदी बरोबर. मग डॉकरमधून डेटाबेस उभा करते आणि कंपोज फाइलमध्ये त्याचं पोर्ट बाहेर काढते, कारण उदाहरणात तसं दिलेलं असतं. डॉकर स्वतःचे नियम थेट लिनक्सच्या आयपीटेबल्समध्ये लिहितं आणि ती वाहतूक यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत पोचतच नाही. फायरवॉलची स्थिती विचारली तर सगळं ठाकठीक दिसतं आणि डेटाबेस मात्र जगाला उघडा. उपाय एका ओळीचा: पोर्टाच्या आधी 127.0.0.1 लिहायचं, किंवा पोर्ट बाहेर काढायचंच नाही. जानेवारी 2017 मध्ये बिनपासवर्डाचे उघडे राहिलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस हल्लेखोरांनी रिकामे केले आणि जागी खंडणीची चिठ्ठी ठेवली. कोणावर नेम धरलेला नव्हता. उघडी दारं शोधणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस फिरत असतात.

त्याच महिन्याच्या अखेरीस, 31 जानेवारी 2017 ला, गिटलॅब कंपनीत एका इंजिनिअरनं रात्री उशिरा डेटा पुसण्याची आज्ञा दोनपैकी चुकीच्या सर्व्हरवर दिली. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे 300 जीबीतले साडेचार जीबी उरले होते. बॅकअपच्या पाच पद्धती कागदावर होत्या. वेळेला एकही धड चालली नाही. त्याच इंजिनिअरनं सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी हातानं घेतलेली एक प्रत होती, तिच्यावर निभावलं. मधल्या सहा तासांतला डेटा गेला. कंपनीनं हा सगळा प्रकार झाकून न ठेवता जाहीरपणे मांडला, दुरुस्तीचं थेट प्रक्षेपणसुद्धा केलं. प्रत्येक विद्यार्थ्यानं तो अहवाल वाचावा असं मला वाटतं. कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा तो उपयोगी आहे.

आपल्या कोहावर हाच धडा लहान मापात मिळतो. पॅकेज दररोज आपोआप बॅकअप घेतं हे पाहून विद्यार्थी निश्चिंत होतात. तो कुठे जातो? त्याच सर्व्हरच्या त्याच डिस्कवर, आणि मूळ मांडणीत दोनच दिवसांचा राहतो. डिस्क गेली की दोन्ही गेलं. तो रोज दुसरीकडे पाठवायचा, आणि तीन महिन्यांतून एकदा कोऱ्या यंत्रावर उभा करून पाहायचा. "बॅकअप घेतोस का?" याला सगळे हो म्हणतात. "रिस्टोअर शेवटचं कधी करून पाहिलंस, किती वेळ लागला?" इथे बहुतेक उमेदवार गप्प होतात.

आता करिअरचं बोलू. 'सेल्फ-होस्टिंग इंजिनिअर' अशी जाहिरात तुम्हाला दिसणार नाही. पदं असतात लिनक्स अ‍ॅडमिन, क्लाउड सपोर्ट, डेव्हऑप्स, साइट रिलायबिलिटी. पहिली नोकरी बहुधा सपोर्टचीच असते, तीत रात्रपाळी असते, आणि रविवारी दुपारी जेवताना फोन येऊ शकतो. पालकांनी हे आधीच मान्य करावं. ज्यांना ठरावीक वेळेचंच काम हवं आहे त्यांनी दुसरा रस्ता धरलेला बरा. "पोराला कोडिंग जमत नाही म्हणून क्लाउडला घालतो" असं म्हणणाऱ्यांनाही सांगायला हवं, की बॅश आणि थोडं पायथन इथेही चुकत नाही. पदवीचा अडसर मात्र तुलनेनं कमी. पॉलिटेक्निक किंवा बीसीए करणाऱ्या विद्यार्थ्याला चालता सर्व्हर दाखवता आला, तर छोट्या कंपन्यांत त्याचं ऐकून घेतलं जातं. मोठ्या कंपन्यांच्या चाळणीत पदवी आणि टक्के अजूनही लागतात, त्यामुळे कॉलेज सोडण्याचा सल्ला मी कुणालाच देत नाही.

सर्टिफिकेटं निरुपयोगी आहेत असंही नाही. रेड हॅटची आरएचसीएसए परीक्षा चालत्या यंत्रावर प्रत्यक्ष काम करून द्यावी लागते, पर्याय निवडून नाही. यंत्र रीबूट झाल्यावरही तुमचं काम टिकलं पाहिजे. वर्षभर सर्व्हर सांभाळलेल्याला ती जड जात नाही. नुसत्या पर्यायी प्रश्नांच्या प्राथमिक परीक्षा ओळख करून घ्यायला ठीक. आणि लाखभर फी भरण्याआधी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे पाठ बघा. लिनक्स, मूडल आणि चक्क कोहासुद्धा तिथे फुकट शिकता येतं, आणि लिनक्सचे बरेच पाठ मराठीत आहेत. पुण्या-मुंबईत फॉस युनायटेडच्या सभा होतात. तिथे जाऊन मागच्या रांगेत बसलं तरी चालतं.

"हे सगळं एआय करणार नाही का?" हा प्रश्न हल्ली आईच आधी विचारते. कंपोज फाइल लिहून देण्याचं काम एआय करतंच, आणि त्यात पुष्कळदा डेटाबेसचं पोर्ट जगाला उघडंही ठेवतं. ते ओळखणारा माणूस हवा असतो. नुसतं बसवून देणाऱ्याची किंमत उतरली आहे, हे मात्र खरं.

पैशांबद्दल सावध राहा. शिकण्यासाठी महिन्याचा ठरावीक दर असलेला छोटा व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा आभासी सर्व्हर, घ्यावा. दोन जीबी मेमरीचं यंत्र साधारण हजार रुपयांच्या आसपास पडतं, वर जीएसटी. मोठ्या क्लाउड कंपन्यांचं मीटर वापराप्रमाणे चालतं. यंत्र थांबवलं तरी डिस्कचं भाडं सुरू राहतं, आणि अ‍ॅमेझॉन तर फेब्रुवारी 2024 पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही4 पत्त्याचेही पैसे घेतं. बजेटची सूचना लावा, पण ती फक्त कळवते, बिल थांबवत नाही. खात्याची गुप्त किल्ली चुकून गिटहबवर गेली तर अनोळखी लोक तुमच्या खर्चानं भलीमोठी यंत्रं चालवू शकतात. हजार रुपयेही जड असतील तर पहिले तीन-चार महिने घरातल्या जुन्या लॅपटॉपवर डेबियन टाकून सराव करावा. घरच्या ब्रॉडबँडवरून तो बाहेरच्यांना बहुधा दिसणार नाही, पण बाकी सगळं तसंच शिकता येतं.

एक गोष्ट पहिल्या दिवशीच ठरवून घ्या. सभासदांची नावं, पत्ते, फोन नंबर आता तुमच्या मुलीच्या हातात आहेत; 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा ग्रंथपालबाईंनाही दाखवावा. डोमेन वाचनालयाच्या नावावर घ्यावं, सर्व्हरचं खातंही त्यांच्याच ईमेलवर उघडावं. नाहीतर नोकरी लागून मुलगी हिंजवडीला जाते, वडिलांचं कार्ड बदलतं, बिल थकतं आणि गावाची सगळी ग्रंथसूची एका सकाळी गायब होते. पासवर्ड वाचनालयाच्या चिटणिसांकडे सीलबंद पाकिटात, सगळ्या नोंदींची मार्क (MARC) फाइल दर महिन्याला ग्रंथपालांच्या पेनड्राइव्हवर, आणि सर्व्हर बंद पडला तर काय करायचं याचं दोन पानी मराठी टिपण कपाटात. हे हस्तांतरण शेवटच्या वर्षाच्या दिवाळीपर्यंत उरकावं. त्यानंतर प्रोजेक्ट, परीक्षा आणि मुलाखती एकदमच अंगावर येतात.