विश्वाच्या हेलकाव्याची कुणकुण

प्रश्न : आम्ही काही हौशी मंडळी महिन्यातून एकदा आकाशदर्शनाला जमतो आणि विज्ञानात नवीन काय घडलं ते एकमेकांना सांगतो. मागच्या वेळी आमच्यातला एक जण म्हणाला, की नारायणगावजवळ खोडदला असलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने २०२३ मध्ये गुरुत्वीय लहरी शोधल्या. दुसऱ्याचं म्हणणं, त्या तर अमेरिकेत २०१५ मध्येच सापडल्या. खरं काय? रेडिओ दुर्बिणीला या लहरी कळतात तरी कशा? आणि हिंगोलीची लायगो वेधशाळा सुरू झाली, की खोडदचं हे काम संपेल का?
— एक वाचक, संगमनेर

उत्तर : तुमचे दोन्ही मित्र दोन वेगळ्या लहरींबद्दल बोलत आहेत. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगोच्या दोन्ही वेधशाळांनी टिपलेली लहर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळताना निघाली होती. एक सूर्याच्या सुमारे ३६ पट, दुसरं २९ पट वस्तुमानाचं. लायगोच्या कानावर पडलेला सगळा प्रकार सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात आटोपला. खोडदच्या अँटेना ज्या लहरींच्या मागावर आहेत, त्यांचा एकेक हेलकावा पुरा व्हायला वर्षानुवर्षं लागतात. त्यांची वारंवारता नॅनोहर्ट्झमध्ये मोजतात. एक नॅनोहर्ट्झ म्हणजे जवळपास ३२ वर्षांत एक हेलकावा! तो लायगोच्या चार किलोमीटर लांबीच्या भुजांना जाणवणं शक्य नाही. त्यासाठी हजारो प्रकाशवर्षं लांबीच्या भुजा हव्यात, आणि तशा त्या आकाशात आहेत.

१९६७ मध्ये केंब्रिजला जोसलिन बेल या विद्यार्थिनीला पहिला स्पंदक, म्हणजे पल्सार सापडला. स्फोटानंतर उरलेला ताऱ्याचा अतिघन गाभा स्वतःभोवती फिरतो, त्याच्या चुंबकीय ध्रुवांकडून निघणारा रेडिओ लहरींचा झोत दर फेरीला पृथ्वीवरून जातो आणि आपल्याला एक ठोका मिळतो. १९८२ मध्ये डोनाल्ड बॅकर, श्रीनिवास कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेकंदाला ६४२ वेळा फिरणारा स्पंदक शोधला. (हे कुलकर्णी जन्माने आपल्या कुरुंदवाडचे.) असे झपाट्याने फिरणारे स्पंदक ठोक्याला इतके पक्के असतात, की पुढचा ठोका कधी पडणार हे वर्षानुवर्षं आधी सांगता येतं. स्पंदकापासून पृथ्वीपर्यंतचं अंतर हीच आपली लांबलचक भुजा. तिथल्या अवकाशातून एखादी दीर्घ गुरुत्वीय लहर गेली, तर अंतर किंचित ताणलं किंवा आकसलं जातं आणि ठोका जरा उशिरा किंवा जरा लवकर येतो. हा फरक अनेक वर्षांत मिळून काहीशे नॅनोसेकंदांच्या घरात भरतो.

आता खोडदबद्दल. पुण्याच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर, गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. १४ मधल्या चौकात, बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात शेतशिवारांमधून लांबवर पसरलेल्या. जवळ जाऊन पाहिलं तर तबकडीच्या जागी पोलादी तारांची बारीक जाळी दिसते, आणि तिच्यातून पलीकडचं आकाशही दिसतं. लांब तरंगलांबीच्या रेडिओ लहरींना ही जाळी आरशासारखीच असते. वारा मात्र तिच्यातून निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्च आटोक्यात राहिला. अशा काटकसरीतून जगाला हेवा वाटावा अशी दुर्बीण उभी राहिली, हे मला अजूनही आनंदाने पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं.

या शोधात खोडदला महत्त्व आलं ते तिथल्या कमी वारंवारतेमुळे. ताऱ्यांमधली जागा रिकामी नसते, तिथे विरळ इलेक्ट्रॉन विखुरलेले असतात. त्यांच्यातून येताना कमी वारंवारतेची रेडिओ लहर मागे पडते, जास्त वारंवारतेची आधी पोहोचते. वर हे मागे पडणं महिन्यामहिन्याला थोडं बदलतं, कारण स्पंदकही हलतो, आपणही हलतो आणि सूर्याकडून येणारा कणांचा वाराही कमीजास्त होतो. मग ठोका उशिरा आला तो गुरुत्वीय लहरीमुळे की या इलेक्ट्रॉनांमुळे, हे कसं ठरवायचं? खोडदला काही अँटेना ३०० ते ५०० मेगाहर्ट्झवर आणि काही १२६० ते १४६० मेगाहर्ट्झवर लावून तोच स्पंदक एकाच वेळी पाहतात. दोन्हींतल्या वेळेच्या फरकावरून इलेक्ट्रॉनांचा वाटा नेमका काढता येतो आणि हिशेबातून वजा करता येतो. युरोपातल्या मोठ्या दुर्बिणी मुख्यतः वरच्या वारंवारतांवर निरीक्षणं करतात. त्यांच्या नोंदी स्वच्छ करायला खोडदची मदत झाली ती अशी.

तरीही एका स्पंदकावरून काहीच सिद्ध होत नाही. घरातलं एकच घड्याळ मागे पडलं तर आपण सेल बदलतो, पण सगळीच घड्याळं एकदम सारखी मागे दिसू लागली तर आपल्या मनगटावरचं तपासायला हवं. इथेही तसंच. सगळे स्पंदक एकसारखे चुकले, तर दोष पृथ्वीवरच्या प्रमाणवेळेत असतो. आकाशाच्या एका बाजूचे पुढे आणि समोरच्या बाजूचे मागे पडत असले, तर पृथ्वीच्या जागेचा हिशेब चुकलेला असतो. गुरुत्वीय लहरींची खूण या दोन्हींहून वेगळी आहे. आकाशात जवळजवळ असलेल्या स्पंदकांच्या चुका एकमेकींशी जुळतात, साधारण काटकोनात असलेल्यांच्या उलट जातात आणि अगदी समोरासमोरच्या पुन्हा थोड्या जुळू लागतात. हेलिंग्ज आणि डाउन्स यांनी हा आलेख १९८३ मध्येच मांडला होता. तो प्रत्यक्ष नोंदींतून डोकं वर काढताना दिसायला चाळीस वर्षं लागली.

२९ जून २०२३ रोजी अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया आणि चीनमधल्या गटांनी आपापले निष्कर्ष एकाच वेळी जाहीर केले. भारतीय गट युरोपच्या गटाबरोबर होता, आणि या भारतीय गटात जपानी शास्त्रज्ञही आहेत. दोन्ही गटांनी मिळून २५ स्पंदक तपासले. युरोपच्या नोंदी सुमारे २५ वर्षांच्या, खोडदच्या साडेतीन वर्षांच्या. निव्वळ योगायोगाने असं चित्र दिसण्याची शक्यता त्यांना हजारात एक इतकी कमी आढळली. पक्का शोध म्हणायला भौतिकशास्त्रात साधारण पस्तीस लाखांत एक ही अट लावतात. म्हणून शास्त्रज्ञांनी ‘सबळ पुरावा मिळाला’ इतकंच म्हटलं. तुम्हीही मंडळींना तेवढंच सांगा. त्याने उत्साह कमी होईल असं मला मुळीच वाटत नाही. उलट, कथा अजून चालू आहे आणि आपण ती चालू असताना ऐकतो आहोत, यात जास्त मजा आहे.

अशी सावधगिरी का हवी, हे दाखवणारी स्पंदकांच्याच बाबतीतली एक घटना तुमच्या बैठकीत जरूर सांगा. १९९१ मध्ये इंग्लंडच्या अँड्र्यू लाइन आणि सहकाऱ्यांनी एका स्पंदकाभोवती ग्रह सापडल्याचं जाहीर केलं. ग्रहाची प्रदक्षिणा सहा महिन्यांची. पुढे लाइन यांच्याच लक्षात आलं, की पृथ्वीची कक्षा वर्तुळाकार धरून केलेली ढोबळ दुरुस्ती हिशेबात तशीच राहून गेली होती. आपल्याच पृथ्वीची फेरी त्यांना दूरचा ग्रह म्हणून दिसली होती! जानेवारी १९९२ मध्ये अटलांटा इथे, खच्चून भरलेल्या सभागृहात त्यांनी उभं राहून हे स्वतः सांगितलं. बोलणं संपल्यावर श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांच्यानंतर बोलायला उठले अलेक्झांडर वोल्श्चान, आणि त्यांनी दुसऱ्या एका स्पंदकाभोवतीचे ग्रह मांडले. ते खरे ठरले. सूर्यमालेबाहेरचे पहिले पक्के ग्रह हेच.

खोडदच्या लहरी कुठून येत असाव्यात? आकाशगंगा एकमेकींत मिसळतात, तेव्हा त्यांच्या केंद्रांतली लक्षावधी ते अब्जावधी सूर्यांच्या वस्तुमानाची कृष्णविवरं जोडीने एकमेकांभोवती फिरू लागतात. विश्वभरच्या अशा असंख्य जोड्यांच्या लहरींचा मिळून झालेला कल्लोळ, हा सर्वांत जवळचा अंदाज. काहींच्या मते त्यात विश्वाच्या अगदी सुरुवातीच्या घडामोडींचाही वाटा असू शकेल. सगळ्या गटांच्या नोंदी एकत्र करून तपासण्याचं काम चालू आहे, आणि आकाशाच्या एखाद्या दिशेकडून लहर जास्त जोराने येते का, हेही त्यातून कळू शकेल.

तेव्हा हिंगोली जिल्ह्यात औंढ्याला होणाऱ्या लायगोमुळे खोडदचं काम संपणार नाही. एप्रिल २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने २६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिलेली ती वेधशाळा सेकंदाला दहापासून काही हजार हेलकाव्यांपर्यंतच्या लहरी टिपेल. सूर्याच्या काही पट ते शंभरेक पट वस्तुमानाच्या कृष्णविवरांचा शेवटचा क्षण तिला पकडता येईल. खोडदला ऐकू येतील त्या महाकाय जोड्या, मिलनाच्या हजारो-लाखो वर्षं आधीपासून.