मूळ प्रणालीचा आधार किती घ्यावा?

संगणकाचा कोणताही कार्यक्रम सर्व कामे स्वतः करीत नाही. नित्याच्या कामांसाठी तयार आज्ञांचे संग्रह असतात. त्यांस ‘लायब्ररी’ म्हणतात. मूळ कार्यप्रणालीबरोबर अशा काही लायब्ऱ्या येतातच. मग बाहेरच्या लेखकांनी रचलेल्या कार्यक्रमांनी, म्हणजे पॅकेजांनी, त्यांवरच विसंबावे की स्वतःच्या वेगळ्या आणाव्यात?

‘फ्रीबीएसडी’ या कार्यप्रणालीत हा प्रश्न स्पष्ट दिसतो. कारण तीत मूळ प्रणाली आणि ‘पोर्ट्स’ हा पॅकेजसंग्रह ही दोन निराळी अंगे आहेत. संदेश गुप्त राखणारी ‘ओपनएसएसएल’ ही लायब्ररी दोहोंकडे आढळते.

मूळ प्रणालीवर विसंबण्याचा लाभ असा की, एक दुरुस्ती सर्वांच्या उपयोगी पडते. एप्रिल २०१४ मध्ये या लायब्ररीतील ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष उघड झाला. त्यायोगे दूरच्या परक्या माणसास संगणकाच्या स्मृतीतील गुप्त मजकूर वाचता येत असे. फ्रीबीएसडी १०.० च्या मूळ प्रणालीत हा दोष होता. ती दुरुस्त करून कार्यक्रम पुन्हा सुरू करताच तिच्या लायब्ररीवर चालणारी पॅकेजे सुरक्षित झाली. याउलट, ९ व्या शाखेतील जुन्या ०.९.८ आवृत्तीत हा दोष नव्हताच. परंतु तेथे ज्यांनी पोर्ट्समधून नवी, सदोष आवृत्ती घेतली होती, त्यांना धोका होता.

दुसरी बाजू आयुष्यमानाची. २०२१ मध्ये निघालेल्या १३.० मध्ये १.१.१ ही आवृत्ती होती. तिच्या कर्त्यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये तिची सार्वजनिक देखभाल थांबविली. फ्रीबीएसडीची ती शाखा मात्र त्यानंतरही चालू राहिली. अशा वेळी दुरुस्तीचा भार प्रणालीच्या रक्षकांवर पडतो, आणि ३.० आवृत्तीतील नव्या सोयी हव्या असलेल्या पॅकेजांना मूळ प्रणाली अपुरी पडते.

सर्वांत घातक ती सरमिसळ. एकाच कार्यक्रमाचा एक भाग मूळ लायब्ररीस व दुसरा पोर्ट्समधील लायब्ररीस जोडला गेला, तर एकाच नावाच्या दोन आज्ञा समोरासमोर येतात. एकीने रचलेली माहिती दुसरीच्या हाती पडते व कार्यक्रम कोसळू शकतो.

यावरून एक नियम निघतो. सी भाषेच्या लायब्ररीसारखी जी लायब्ररी प्रणालीचेच अंग आहे, तिच्यावर खुशाल विसंबावे. जिचे कर्ते निराळे आणि आयुष्य प्रणालीहून अल्प, ती पॅकेजसंग्रहातून घेणे बरे. मात्र मग ती सर्वच पॅकेजांनी तेथूनच घ्यावी. आधार कोणताही असो, तो एकच असावा, आणि त्याची देखभाल कोण करतो हे ठाऊक असावे.