पोटातली चौदा इंजेक्शनं

कुत्रा चावल्यावर येणारे बरेच जण जखम दाखवण्याआधीच विचारतात, “डॉक्टर, पोटात चौदा घ्यावी लागतील का?” नाही. ती लस आपल्याकडे 2005 च्या सुमारास बंद झाली. तिची धास्ती मात्र घराघरांत टिकून आहे आणि त्यापायी लोक उशिरा येतात, याचं मला फार वाईट वाटतं.

ही पद्धत जुनी. पिसाळलेल्या कुत्र्याने चावे घेतलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ मायस्टरला 6 जुलै 1885 रोजी त्याची आई अल्सेसहून पॅरिसला लुई पाश्चर यांच्याकडे घेऊन आली. रेबीजने मेलेल्या सशांचे मज्जारज्जू कोरड्या हवेत टांगून त्यांनी त्यातला विषाणू दुबळा केला होता. पाश्चर रसायनशास्त्रज्ञ, त्यामुळे टोचलं डॉ. ग्रांशे यांनी. सर्वांत दुबळ्या मात्रेपासून चढत जात पोटाच्या त्वचेखाली तेरा इंजेक्शनं. पोरगा वाचला. पुढे कसौलीत डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून लस केली. तीच, पोटात टोचायची लस आपल्याकडे अनेक दशकं चालली. तिने पुष्कळ जीव वाचवले, पण तिच्यातल्या मेंदूच्या अंशामुळे क्वचित कुणाला लकवाही व्हायचा. भीती उगाच नव्हती.

आजची लस प्रयोगशाळेत पेशींवर वाढवलेल्या विषाणूपासून होते. पहिल्या दिवसाला शून्य धरून 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी दंडात, तान्ह्या मुलांना मांडीत. कुल्ल्यात कधीच नाही. गरोदर बाईलाही ती चालते.

पण आधी नळाखाली जखम धरा आणि साबणाने पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची काही भरू नका. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडंही टोचावी लागतात, कारण लसीमुळे शरीरात प्रतिकारशक्ती तयार व्हायला आठवडाभर तरी जातो. तेवढ्यात विषाणू नसांवाटे मेंदूकडे सरकू शकतो, आणि पाणी पाहून घसा आवळायला लागला की आमच्या हातात जवळजवळ काहीच उरत नाही.

मुलं ओरडा बसेल म्हणून मांजराचा, माकडाचा ओरखडाही लपवतात. त्यांना आजच सांगून ठेवा: कोणी रागावणार नाही, आणि सुई पोटात टोचणार नाहीत.